लायसन्सर कोण, लायसन्सी कोण?

घर भाड्याने देताना-घेताना जो लीव्ह अँड लायसन्सचा करार होतो, त्याच्या पहिल्याच पानावर दोन शब्द येतात: लायसन्सर आणि लायसन्सी. पुढची सगळी पानं या दोघांवरच चालतात. डिपॉझिट कोणी कोणाला परत करायचं, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, घर रिकामं करण्याची नोटीस कोणी कोणाला द्यायची. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, असे करार रोज होतात, आणि सही करणाऱ्यांपैकी पुष्कळांना या दोघांतले आपण कोण हे नीट ठाऊक नसतं. बोट दाखवतील तिथे सही होते. माझ्या कामात हे कागद सतत हातात येतात आणि लोकांना ते वाचून दाखवावे लागतात, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे. एकदा या शब्दांची बांधणी कळली की गृहकर्जापासून चेकपर्यंत निम्मे कागद आपोआप उलगडतात.

बांधणी सोपी आहे. इंग्रजीत एखादं काम करणाऱ्या माणसाचं नाव बनवायचं तर क्रियापदाच्या शेवटी 'अर' किंवा 'ऑर' लावतात. टीच करतो तो टीचर, ॲक्ट करतो तो ॲक्टर. ज्याच्या बाबतीत ते काम केलं जातं त्याच्या नावाच्या शेवटी लांब 'ई' येतो. ट्रेनर शिकवतो, ट्रेनीला शिकवलं जातं. इंटरव्ह्यूअर प्रश्न विचारतो, इंटरव्ह्यूईला विचारले जातात. एम्प्लॉयर कामावर ठेवतो, एम्प्लॉयीला ठेवलं जातं. या दुसऱ्या गटातले बहुतेक शब्द उच्चारताना जोरही शेवटच्या 'ई'वर पडतो.

आता लायसन्सकडे या. लायसन्स म्हणजे परवानगी. परवानगी कोणी दिली? घरमालकाने. तो लायसन्सर. कोणाला दिली? राहायला येणाऱ्याला. तो लायसन्सी. पैसे कोण देतं याचा या नावांशी काहीही संबंध नाही, आणि नेमका इथेच गोंधळ होतो. 'दर महिन्याला पैसे मी देतो, म्हणजे देणारा मी' असं भाडेकरूच्या मनात येतं. पण शब्दात जे क्रियापद बसलेलं आहे ते पैसे देण्याचं नाही, परवानगी देण्याचं आहे.

मराठी दस्तांची जुनी पद्धत इथे मोठी मदत करते. खरेदीखत असो, गहाणखत असो, पहिल्या पानावर 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष असतात. 'ऑर' म्हणजे लिहून देणार आणि 'ई' म्हणजे लिहून घेणार, एवढं धरून चाललं की क्वचितच चूक होते. आणि मला यात आणखी एक गोष्ट आवडते. आपल्या दस्तात दोघांनाही 'णार' लागतो. देणाराही काहीतरी करतो, घेणाराही करतो. इंग्रजी 'ई' मात्र मुळात 'दिलं गेलेला', 'नेमला गेलेला' अशा अर्थाचा आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची फ्रेंच भाषा तिथल्या न्यायालयांत शिरली, आणि फ्रेंचमधलं हे भूतकाळी रूप कायद्याच्या इंग्रजीत रुतून बसलं. १३६२ मध्ये न्यायालयात इंग्रजीत बोलावं असा कायदा झाला, तरी वकिलांची फ्रेंच पुढे कित्येक पिढ्या टिकली. म्हणून या जोड्या शाळेच्या पुस्तकात कमी आणि कराराच्या कागदावर जास्त भेटतात.

लायसन्सीच्या शेजारीच लेसी नावाचा शब्द आहे आणि या दोघांत मोठा फरक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे लीजमध्ये, म्हणजे भाडेपट्ट्यात, जागेचा उपभोग घेण्याचा हक्क लेसीकडे जातो. लायसन्स मात्र त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात येतं, आणि त्यात जागेवर हक्क मिळत नाही, फक्त वापराची मुभा मिळते. नवी मुंबईत तर एकाच इमारतीत दोन्ही शब्द नांदतात. तिथली बरीचशी जमीन सिडकोने, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. सिडको लेसर, सोसायटी लेसी. त्याच सोसायटीतला सभासद आपला फ्लॅट नेरुळच्या स्टेशनजवळ कोणाला भाड्याने देतो तेव्हा तो स्वतः लायसन्सर होतो. माणूस वरच्या कागदात घेणाऱ्यांत आणि खालच्या कागदात देणारा. शब्द त्याला चिकटलेला नसतो, त्या-त्या व्यवहाराला चिकटलेला असतो.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी असला पाहिजे, नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केलीच नाही आणि पुढे वाद झाला, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे असं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे 'आपण घेणारे, आपलं कोण ऐकणार' असं समजून गप्प बसायचं कारण नाही. पण त्याच कायद्याचं कलम २४ दुसऱ्या बाजूने तेवढंच कडक आहे. मुदत संपल्यावर लायसन्सीने जागा सोडली नाही तर ठरलेल्या शुल्काच्या दुपटीने भरपाई द्यावी लागते. 'बघू, काढतील तेव्हा जाऊ' हे फार महाग पडतं.

सगळ्यात जास्त माणसं अडखळतात ती गृहकर्जाच्या कागदावर. तिथे मॉर्गेजर आणि मॉर्गेजी असे दोघे असतात. दहाजणांना विचारा, बहुतेक सांगतील की बँक मॉर्गेजर, कारण बँक कर्ज देते. उत्तर अगदी उलटं आहे. मॉर्गेज म्हणजे कर्ज नव्हे, मॉर्गेज म्हणजे गहाण. गहाण कोण ठेवतं? आपण. घर आपलं, ते बँकेकडे गहाण आपण ठेवतो, म्हणून मॉर्गेजर आपण आणि मॉर्गेजी बँक. एवढी मोठी बँक, आणि कागदावर ती 'ई'च्या बाजूला. जुना 'गहाण लिहून देणार' हा शब्दप्रयोग डोळ्यासमोर आणला की हे लगेच पटतं, कारण सावकाराला तसं कोणी कधी म्हटलं नाही. गहाणखत लिहून देतो तो ऋणको.

हे कळणं का महत्त्वाचं आहे ते पुढच्या ओळींत दिसतं. फ्लॅटचे मूळ कागद बँकेत ठेवून जे गहाण होतं, त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाण ठेवल्याची लेखी सूचना, महाराष्ट्रात तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, आणि कायद्याने ती देण्याची जबाबदारी मॉर्गेजरची आहे. बँकेचा माणूस सोबत येऊन करून देतो म्हणून ती बँकेची होत नाही. उलट बाजूने, कर्ज पूर्ण फेडल्यावर कागद परत मिळवण्याचा हक्कही मॉर्गेजरचाच. रिझर्व्ह बँकेच्या १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे असतात, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची असते. वीस वर्षं हप्ते भरून झाले आणि फाइल बँकेतच पडून आहे, अशी घरं आपल्या आसपास असतील. त्यांनी बँकेत जावं आणि मागावं. ती मागणी करण्याचा पूर्ण अधिकार त्यांचा आहे.

सोनं तारण ठेवतानाही तोच नियम. ठेवणारा पॉनर, ठेवून घेणारी बँक पॉनी.

चेकवर तर तीन माणसं असतात, आणि तिथे ही बांधणी फार छान तपासता येते. १८८१ च्या परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याप्रमाणे चेक लिहून सही करतो तो ड्रॉअर. ज्याला पैसे मिळायचे तो पेयी. आणि ज्याच्यावर हुकूम काढलेला असतो ती बँक, ती ड्रॉई. ड्रॉईचं काम पैसे चुकते करणं. शेवटी 'ई' आहे आणि पैसे तिच्याकडून बाहेर जातात! कारण पुन्हा तेच, इथे क्रियापद चेक काढण्याचं आहे, आणि तो बँकेवर काढलेला आहे. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला तर कलम १३८ प्रमाणे जाब विचारला जातो ड्रॉअरला. पेयीने बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ड्रॉअरने पैसे दिले नाहीत तर तक्रार करता येते. त्या तीस दिवसांत पेयी हातावर हात ठेवून बसला तर त्या चेकपुरता हा रस्ता बहुधा बंद होतो.

वाशीच्या बाजार समितीत ट्रक लागतात तेव्हा त्यांच्या बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, असाच एक जोड असतो. माल पाठवणारा कन्साइनर, माल ज्याच्या नावाने येतो तो कन्साइनी. बिल्टीवर 'टू पे' असं लिहिलेलं असेल तर ट्रकचं भाडं कन्साइनी देतो.

आता नॉमिनी. या एका शब्दाने जेवढी घरं दुभंगलेली असतील तेवढी दुसऱ्या कुठल्या शब्दाने नसतील, असं मला वाटतं. सोसायटीच्या फॉर्ममध्ये, बँकेच्या फॉर्ममध्ये वडिलांनी एका मुलाचं नाव घातलेलं असतं. वडील गेल्यावर तो मुलगा म्हणतो, नॉमिनी मी आहे, घर माझं. बाकीची भावंडं हबकून जातात. शब्द फोडून पाहू. नॉमिनेट करणं म्हणजे नाव सुचवणं. वडिलांनी काय केलं? नाव सुचवलं. मुलाला काय मिळालं? नाव सुचवलं जाणं. त्या क्रियापदात घर देणं कुठेही नाही. घर द्यायचं असतं तर त्यासाठी मृत्युपत्र आहे, बक्षीसपत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी यांच्या खटल्यात विमा पॉलिसीबद्दल हेच म्हटलं: नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण मालकी वारसांची. कंपन्यांच्या शेअर्सबद्दलही डिसेंबर २०२३ मध्ये त्याच दिशेचा निकाल आला. गृहनिर्माण सोसायटीत सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतलं जातं, म्हणजे सोसायटीला हिशेबासाठी, पत्रव्यवहारासाठी कोणीतरी समोर असावं. मालक कोण ते मृत्युपत्राने किंवा वारसा हक्काने ठरतं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. विमा कायद्यात २०१५ मध्ये बदल झाला. आता स्वतःच्या आयुर्विमा पॉलिसीत आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर सहसा ती रक्कम त्यांचीच धरली जाते. म्हणून घराचा नियम विम्याला आणि विम्याचा घराला लावू नये. आणि हे बोलणं माणूस हयात असतानाच घरात झालेलं बरं. अशुभ वगैरे काही नसतं त्यात.

घोडबंदर रोडला नवे टॉवर उभे राहत आहेत, तिथे बुकिंग करणाऱ्याला रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या, कायद्यात नाव आहे अलॉटी. बांधणारा प्रमोटर. अलॉट म्हणजे वाटून देणं, नेमून देणं. ज्याला फ्लॅट नेमून दिला तो अलॉटी. ऐकायला हे फार निमूट वाटतं, जणू काही मिळालं ते घेतलं आणि बाजूला बसला. पण २०१६ चा तो कायदा वाचला तर या अलॉटीच्या हातात बरंच काही दिलेलं दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय प्रमोटरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. करारात लिहिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर अलॉटीला प्रकल्पातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागता येतात. बाहेर पडायचं नसेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात रचनेचा दोष निघाला तर प्रमोटरने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. यातलं काहीही घरी चालून येत नाही, अलॉटीने मागावं लागतं. हप्ते वेळेवर भरणं हे त्याचं कर्तव्यही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

एम्प्लॉयी या शब्दाबद्दलही एक सांगते. ठाण्या-ऐरोलीत दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या मुलांना कंपन्या पार्टनर म्हणतात. ऐकायला मानाचं आहे. पण एम्प्लॉयर-एम्प्लॉयी हा जोड कागदावर नसला की भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांचा प्रश्नच वेगळा होतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार अशी निराळी व्याख्या केली ती याचसाठी, की पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा माणूस कायद्याला दिसावा. अशा मुलांनी नेमणुकीचा कागद उघडून त्यात आपल्याला काय म्हटलं आहे ते जरूर पाहावं.

इथपर्यंत नियम सरळ चालला. पण भाषा जिवंत असते, आणि या 'ई'ने काही ठिकाणी बाजू बदललेली आहे. नवी मुंबईच्या एनएमएमटी किंवा ठाण्याच्या टीएमटी बसमध्ये बसणारे किती आणि उभे राहणारे किती ते लिहिलेलं असतं, त्यात उभ्या प्रवाशांना स्टँडी म्हणतात. त्यांना कोणी उभं केलेलं नाही, ते स्वतःच उभे आहेत. म्हणजे हा करणारा. तसाच पळून गेलेला तो एस्केपी, गैरहजर राहिलेला ॲबसेंटी, सभेला आलेला अटेंडी, निवृत्त झालेला रिटायरी. मग नियम मोडला का? क्रिस बार्कर या भाषाशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये या शब्दांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्याचं म्हणणं असं की 'ई' लागायला तो जाणीव असलेला जीव हवा, आणि त्या घटनेवर त्याचा पूर्ण ताबा नसावा. हे फार नेमकं वाटतं. संध्याकाळी सहाला वाशीहून कोपरखैरण्याला जाणाऱ्या बसमधला माणूस उभा स्वतःच्या पायांवर असतो, पण जागा असती तर बसला असता. ॲम्प्युटी या शब्दात हे आणखी स्पष्ट होतं: कापला जातो तो पाय, पण ॲम्प्युटी म्हणतात माणसाला, कारण सोसतो तो माणूस.

रेफ्युजी हा शब्दही याच घरातला. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं, हजारो लोक इंग्लंडला पळाले, आणि त्यांच्यासोबत हा शब्द इंग्रजीत आला. पळणारे ते, पण पळण्याची वेळ आणली दुसऱ्यांनी. आपल्या ठाणे जिल्ह्यात उल्हासनगरला आजही कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर तीन असे पत्ते सांगतात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या लष्करी छावणीत आली, त्यांना रेफ्युजी म्हटलं गेलं, आणि त्यांनीच तिथे कारखाने आणि बाजार उभे केले.

उलट, मेंटर हा शब्द 'ऑर'वाला करणारा वाटतो, पण तो ग्रीक महाकाव्यातल्या एका माणसाचं नाव आहे. 'मेंट' असं क्रियापद नाहीच. तरी कंपन्यांनी जोडी पूर्ण करायला मेंटी तयार केला आणि तो रुळलाही. नोकरीच्या अर्जात 'दोन रेफरींची नावं द्या' असं येतं तेव्हा मराठी माध्यमातली मुलं गोंधळतात, कारण रेफरी म्हणजे मैदानावरचा शिट्टीवाला. मूळ अर्थ, ज्याच्याकडे विचारणा करायची तो. तुमच्याबद्दल ज्यांना विचारता येईल अशा दोन माणसांची नावं तिथे लिहायची. आणि कमिटी! हा शब्द पूर्वी एका माणसासाठी होता: ज्याच्यावर काम सोपवलं आहे, अशा माणसासाठी. सोसायटीची कमिटी म्हणजे सभासदांनी काम सोपवलेली मंडळी. सोपवणारे सभासद. सर्वसाधारण सभेला दहा टाळकी हजर असतात तेव्हा सोपवणाऱ्यांनी आपलं काम केलेलं नसतं, हे मला प्रामाणिकपणे वाटतं.

बक्षीसपत्राचं राहिलं. आई आपला कळव्याचा फ्लॅट मुलीला देते. आई डोनर, मुलगी डोनी. आईने सही केली, दोन साक्षीदारांनी केली, नोंदणी झाली, एवढ्यावर अनेकांना काम संपलं असं वाटतं. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२२ म्हणतं की देणारी हयात असताना, आणि देण्यास समर्थ असताना, घेणारीने ते बक्षीस स्वीकारलं पाहिजे. स्वीकारण्याआधी डोनी गेली तर बक्षीस रद्द. म्हणून चांगल्या दस्तात शेवटी एक परिच्छेद असतो, 'सदर बक्षीस मी स्वीकारले आहे', आणि त्याखाली मुलीची सही. दस्त करताना तो परिच्छेद आहे का ते बघा. नसेल तर घालायला सांगा, आणि मुलीला सही करायला सोबत घेऊन जा.